मुक्त विज्ञानाचे कौशल्य आणि ‘संशोधन व प्रकाशन नीती’ अभ्यासक्रम : एक चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सर्व विद्याशाखांतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी अनिवार्य केला. तेव्हापासून महाराष्ट्रातील संशोधन केंद्रांवरही तो शिकविला जात आहे. संशोधनातील गैरप्रकारांना आळा घालण्याच्या दिशेने टाकलेले हे एक महत्त्वाचे पाऊल होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वाङ्मयचौर्य म्हणजे काय, एकच लेख दोन ठिकाणी का पाठवू नये, बनावट नियतकालिक कसे ओळखावे, या गोष्टी पूर्वी मार्गदर्शकाच्या मर्जीवर अवलंबून होत्या. त्या आता निदान वर्गात उच्चारल्या जातात.

याच काळात ‘मुक्त विज्ञान’ ही संकल्पना जगभर दृढ होत गेली. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून सुरू झालेली लेखांच्या मुक्त उपलब्धतेची चळवळ पुढे विदा, संगणकीय आज्ञावली, संशोधनाचे पूर्वनियोजन आणि परीक्षण या सर्वांपर्यंत विस्तारली. नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने मुक्त विज्ञानासंबंधीची शिफारस स्वीकारली. संशोधकाने आपली साधने, आपली कच्ची सामग्री आणि आपली रीत इतरांना तपासता येईल अशा स्वरूपात मांडावी, हा तिचा गाभा होय. तेव्हा उपरोक्त अभ्यासक्रम हे काम करावयास शिकवितो का, या प्रश्नाची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘विज्ञान’ म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते आणि कला शाखेचा प्राध्यापक हा विषय आपला नाही असे समजून मोकळा होतो. आपला जुना ‘शास्त्र’ हा शब्द अधिक उदार होता. त्यात व्याकरणही बसत असे आणि समाजशास्त्रही. येथे ‘मुक्त विज्ञान’ हा रूढ होऊ लागलेला शब्दप्रयोग स्वीकारला असला, तरी त्याचा अर्थ त्या जुन्या उदार अर्थानेच घ्यावयाचा आहे.

अभ्यासक्रमाची मांडणी

अभ्यासक्रम एकूण तीस तासांचा असून त्यात सहा घटक आहेत. तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र, वैज्ञानिक आचरण आणि प्रकाशन नीती हे पहिले तीन घटक सैद्धांतिक आहेत. मुक्त प्रवेश प्रकाशन, प्रकाशनातील गैरवर्तन आणि विदाकोश व संशोधनमापन हे उरलेले तीन प्रात्यक्षिकाचे. मुक्ततेशी थेट संबंध असलेल्या चौथ्या घटकाला चार तास दिले आहेत. हे चार तास कशासाठी आहेत, हे पाहण्यासारखे आहे. प्रकाशकाची स्वामित्वहक्क व स्व-संग्रहणविषयक धोरणे पाहण्यासाठी शेर्पा-रोमिओ, बनावट नियतकालिके ओळखण्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने विकसित केलेले साधन आणि आपल्या लेखाला योग्य नियतकालिक सुचविणारी संगणकीय साधने यांचा परिचय त्यात आहे. हे सर्व उपयुक्त आहे. परंतु यातील प्रत्येक गोष्ट लेख लिहून झाल्यानंतरची आहे. लेख ज्यावर उभा आहे ती सामग्री खुली कशी करावी, याविषयी त्यात काहीही नाही.

याउलट सहाव्या घटकाला सात तास आहेत. प्रभावांक, साइटस्कोअर, एच-निर्देशांक, जी-निर्देशांक, आय-टेन निर्देशांक यांची गणना त्यात येते. म्हणजे संशोधन मोजण्याला सात तास आणि ते उघडे करण्याला चार. त्या चारांतही उघडे करावयाचे म्हणजे केवळ त्याचे प्रकाशित रूप. अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांचा हेतू असा नसेलही, पण विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणारा संदेश हाच आहे.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. दुसऱ्या घटकात निवडक निष्कर्ष प्रसिद्ध करणे आणि विदेचे विपर्यस्त सादरीकरण हे गैरवर्तन म्हणून नोंदविले आहे. दोषाचे नाव सांगितले आहे, पण त्यापासून वाचविणारी रीत सांगितलेली नाही. ती रीत अस्तित्वात आहे आणि भारताला ती अपरिचितही नाही. मानवावरील औषधचाचण्यांची नोंद आधी करण्यासाठी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून अशी नोंद सक्तीची झाली. चाचणी सुरू होण्यापूर्वीच कोणता परिणाम मोजणार हे जाहीर केले, की नंतर हवा तो परिणाम निवडून सांगण्याची सोय राहत नाही. हीच पूर्वनोंदणीची पद्धत मानसशास्त्रात आणि अर्थशास्त्रात पसरली. मानसशास्त्रातील शंभर अभ्यासांची पुन्हा पडताळणी करणारा प्रकल्प २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते. पडताळणीत तसे केवळ ३६ टक्क्यांत आढळले. एवढा पुरावा समोर असताना २०१९ च्या अभ्यासक्रमात पूर्वनोंदणीसाठी एक तासही नसावा, हे आश्चर्यकारक आहे.

मूल्यमापनाविषयी वेगळे काय लिहावे? स्वाध्याय, प्रश्नमंजूषा, गटचर्चा आणि शेवटी लेखी परीक्षा. पोहण्याची लेखी परीक्षा घेतल्यास सर्वच उत्तीर्ण होतील.

कोष्टकाच्या कागदाचा दाखला

मुक्त विज्ञानाची कौशल्ये ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेली नवी टूम आहे, असा समज अनेक प्राध्यापकांत आढळतो. त्या समजाला उत्तर देण्यासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

१९१९ मध्ये आरंभ झालेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४३ पर्यंत, वि. सी. सुखटणकर हे त्याचे प्रमुख संपादक होते, त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी ती धुरा वाहिली. १,२५९ हस्तलिखिते या कामी तपासली गेली. त्यांतून सिद्ध झालेल्या पाठाचे गुणगान पुष्कळ झाले आहे. पाठपडताळणीच्या कागदाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत सुखटणकरांनी त्याची रीत दिली आहे. आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या कागदाच्या सर्वांत वरच्या ओळीत प्रचलित संहितेचा श्लोक एकेका अक्षराला एकेक चौकोन देऊन लिहावयाचा. त्याखाली प्रत्येक हस्तलिखिताला एक स्वतंत्र ओळ. ज्या अक्षरात पाठभेद असेल त्या अक्षराच्या रकान्यात तो नोंदवावयाचा. पुण्याबाहेर शांतिनिकेतन व तंजावर येथेही पडताळणीचे काम चालले.

आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे एक आदर्श विदापत्रक आहे. एका नोंदीला एक ओळ, एका घटकाला एक रकाना, एका चौकोनात एकच मूल्य, आणि सर्व केंद्रांवर तोच साचा. संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकहॅम यांनी २०१४ मध्ये ‘नीटनेटकी विदा’ या नावाने जे नियम मांडले, ते याहून फार निराळे नाहीत. अर्थात दोहोंचा ऐतिहासिक संबंध नाही आणि तसा तो जोडण्याचे कारणही नाही. अनेक हातांनी केलेले काम एकत्र आणावयाचे असेल तर कोणालाही याच साच्याकडे यावे लागते, इतकेच.

या आवृत्तीचा दुसरा विशेष असा की संपादकाने स्वीकारलेला पाठ वर आणि त्याने नाकारलेले पाठ, कोणत्या हस्तलिखितात काय आहे यासह, त्याच पानावर खाली. एखाद्या वाचकाला संपादकाचा निर्णय अमान्य असेल, तर दुसरा पाठ निवडण्यासाठी लागणारी सामग्री त्याच्या हातात आहे. जेथे पाठ अनिश्चित वाटला तेथे सुखटणकरांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. आपल्याला खात्री नाही हे छापून सांगण्याची ही रीत आजच्या किती प्रबंधांत सापडेल? आदिपर्वाचे भाग १९२७ पासून क्रमाने प्रसिद्ध होत गेले आणि संपूर्ण पर्व तयार होण्यापूर्वीच त्यांवर टीका आली. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनी मूळ पाठ शोधण्यापेक्षा प्रचलित पाठ छापून पाठभेद खाली द्यावेत, असे सुचविले. जर्मन विद्वान वाल्टर रुबेन यांनी पाठचिकित्सेच्या पद्धतीविषयीच प्रश्न उपस्थित केले. सुखटणकरांनी दोघांनाही जाहीर उत्तरे दिली. परीक्षण खुले होते, कारण सामग्री खुली होती.

पुढे जपानमधील मुनेओ तोकुनागा यांनी या आवृत्तीची संहिता संगणकावर आणली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. आज ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. मूळ काम शिस्तीने झाले होते म्हणूनच ते शक्य झाले, हे वेगळे सांगावयास नको. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. इतिहास लिहिण्याआधी त्याची साधने छापली पाहिजेत, या त्यांच्या आग्रहामागेही हीच दृष्टी होती. त्या खंडांतील त्यांच्या प्रस्तावनांशी वाद घालणाऱ्यांनी त्यांनीच छापलेली पत्रे वापरली, यातच त्या आग्रहाचे यश आहे.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की पाठपडताळणी करणारे लोक व्याख्याने ऐकून तयार झाले नाहीत. ते रेघा मारलेल्या कागदावर, देखरेखीखाली, रोज काम करून तयार झाले.

एका गृहपाठाचा परिणाम

कौशल्य कामातून येते, याचा आधुनिक पुरावा म्हणून एका गृहपाठाचा उल्लेख करता येईल. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या निबंधात, सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक झाले की विकासदर एकदम खाली येतो, असा निष्कर्ष होता. युरोप-अमेरिकेतील काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ तो वारंवार पुढे केला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅम्हर्स्ट येथील थॉमस हर्न्डन या संशोधक विद्यार्थ्याला वर्गात एखाद्या प्रसिद्ध निबंधाचे आकडे पुन्हा काढून दाखविण्याचा गृहपाठ मिळाला. त्याने हा निबंध निवडला. आकडे जुळेनात. अखेर मूळ लेखकांकडून त्यांचे एक्सेलचे पत्रक मिळाल्यावर उलगडा झाला. सरासरीच्या सूत्रात ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये मायकेल अॅश आणि रॉबर्ट पोलिन यांच्यासह त्याने लिहिलेल्या निबंधात, अधिक कर्ज असलेल्या देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्के नसून २.२ टक्के असल्याचे दाखविले.

ही कथा सांगताना सहसा एक्सेलमधील चुकीवरच भर दिला जातो. तो अपुरा आहे. सूत्रातील चुकीचा वाटा तुलनेने लहान होता. काही देशांची उपलब्ध वर्षे वगळणे आणि देशांना दिलेले भारांकन यांमुळे मोठा फरक पडला होता. न्यूझीलंडचे १९५१ हे एकच वर्ष, ज्यात विकासदर उणे ७.६ टक्के होता, ते ब्रिटनच्या एकोणीस वर्षांच्या सरासरीइतक्याच वजनाने धरले गेले होते. सूत्रातील चूक मूळ लेखकांनी मान्य केली. भारांकनाविषयी त्यांनी वाद घातला. निष्काळजीपणा आणि मतभेद यांतला हा फरक कार्यपत्रक हाती आल्यामुळेच करता आला. छापील निबंधावरून दोन्ही दिसत नव्हते.

असा गृहपाठ आपल्या पीएच.डी. पूर्व अभ्यासक्रमात देण्यास अडचण कोणती? अडचण एवढीच की पुन्हा मोजून पाहावे असे काही आपल्याकडे ठेवलेलेच नसते. २००९ च्या विनियमांनंतर प्रबंध विद्युत स्वरूपात सादर होऊ लागले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या कोशात आज लाखो प्रबंध कोणालाही वाचता येतात. ही फार मोठी सोय आहे. मात्र सर्वेक्षणावर आधारित एखादा प्रबंध उघडला, तर परिशिष्टात कोरी प्रश्नावली असते. भरलेल्या तीनशे प्रश्नावलींतील उत्तरे कोठे आहेत? ती बहुधा संशोधकाच्या घरातील माळ्यावर असतात, आणि घर बदलले की रद्दीत जातात. प्रबंधात उरतात त्या टक्केवारीच्या सारण्या आणि वर्तुळाकृती आलेख.

मराठीतील विदेचे प्रश्न

महाविद्यालयीन पातळीवरील संशोधनात कौशल्याचा अभाव कोठे नडतो, हे बारकाव्याने पाहिले पाहिजे. गावाचे नाव एका पत्रकात तीन प्रकारे लिहिलेले असते: ‘पिंपळगाव’, ‘पिंपळगांव’ आणि ‘पिंपळगाव बु.’. संगणकाला ही तीन गावे वाटतात. उत्तर ‘होय’, ‘हो’ आणि बरोबरची खूण अशा तीन रूपांत असते. उत्तर न मिळाल्यास कधी शून्य, कधी आडवी रेघ, कधी रिकामी जागा. महत्त्वाच्या नोंदी पिवळ्या रंगात रंगविलेल्या असतात. पण तो रंग काय सांगतो, हे फक्त रंगविणाऱ्यालाच ठाऊक. जमीनधारणेचा गट इंग्रजी अंकांत ‘एक ते पाच’ असा मध्ये रेघ देऊन टंकित केला, की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. यात हसण्यासारखे काही नाही. जनुकशास्त्रातील निबंधांच्या २०१६ च्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत नावांच्या अशाच विकृती आढळल्या. सप्टेंबर आणि मार्च या महिन्यांशी साम्य असलेल्या काही जनुकांची नावेच अखेरीस २०२० च्या सुमारास बदलावी लागली.

एका स्वतंत्र संकेतसूचीने यातील बहुतेक दोष टळतात. प्रत्येक रकान्याचा अर्थ, घेतलेली संभाव्य मूल्ये, एकक, अनुत्तरित प्रश्नाचे चिन्ह आणि सर्वेक्षणाची तारीख दोन पानांत लिहिता येते. ती लिहिण्यासाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही.

मराठी भाषा-साहित्याच्या अभ्यासकांपुढील अडचण याहून वेगळी आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे. तरीही त्यानंतर अनेक वर्षे मराठी प्रबंध आणि नियतकालिके श्रीलिपीसारख्या, स्वतःची निराळी संकेतव्यवस्था असणाऱ्या फाँटमध्ये अक्षरजुळणी होऊन निघाली. डोळ्यांना पान शुद्ध मराठीत दिसते. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. अशा प्रबंधात ‘तुकाराम’ हा शब्द शोधला तर एकदाही सापडत नाही, जरी तो प्रत्येक पानावर असला तरी. शोधगंगेवर ठेवलेला असा प्रबंध नावापुरता मुक्त आहे; शोधाच्या, तुलनेच्या, शब्दगणनेच्या दृष्टीने तो कुलूपबंद आहे. बोलींचे नमुने गोळा करणाऱ्या संशोधकाची वर्षानुवर्षांची मेहनत केवळ फाँटमुळे पुढच्या अभ्यासकाला निरुपयोगी व्हावी, ही शोचनीय गोष्ट आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व अनुस्वार तपासणे, हे मराठीच्या प्राध्यापकासाठी मुक्त विज्ञानाचे पहिले प्रात्यक्षिक ठरावे. कोणत्याही परदेशी पाठ्यक्रमात ते मिळणार नाही.

आक्षेपांचा विचार

मुक्ततेला घेतले जाणारे आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. खर्चाचा आक्षेप सर्वांत परिचित आहे. ‘नेचर’ या नियतकालिकाने २०२० मध्ये लेख मुक्त करण्याचे शुल्क ९,५०० युरो असल्याचे जाहीर केले, तेव्हा ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाला मुक्तता ही श्रीमंतांची चैन वाटली तर नवल नाही. परंतु विदा आणि हस्तलिखित खुले करण्याचा खर्च याहून निराळा आहे. युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या झेनोडो या कोशात विदा ठेवण्यास आणि तिला कायमस्वरूपी डीओआय क्रमांक मिळण्यास काहीही पैसे पडत नाहीत. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली होत आहेत. वाचनाची सोय तिने मोठ्या प्रमाणावर केली आहे. मात्र आपण केलेले काम दुसऱ्याला वाचता व तपासता यावे, हा प्रश्न वर्गणीने सुटत नाही.

खाजगीपणाचा आक्षेप अधिक खोल आहे. केवळ नावे काढून टाकली म्हणजे व्यक्ती अनोळखी होते, असे नाही. तीनशे उंबऱ्यांच्या गावात विशिष्ट समाजाची, विधवा, बेचाळीस वर्षांची अंगणवाडी सेविका एकच असते. वय, जात आणि व्यवसाय हे तीन रकाने वाचले की गावकरी तिला ओळखतात. वयाचे गट करणे, गावाऐवजी तालुका देणे, दुर्मीळ नोंदी एकत्र करणे ही कामे प्रात्यक्षिकातच शिकावी लागतात. आदिवासी समाजांच्या बाबतीत तर विदा कोणाची, असा प्रश्न उभा राहतो. तिच्या वापरावर त्या समाजाचा अधिकार राहावा, असा आग्रह २०१९ मध्ये जागतिक स्तरावर मांडलेल्या ‘केअर’ तत्त्वांत आहे. (आयोगाच्या नियतकालिकांच्या यादीशी या नावाचा संबंध नाही, केवळ योगायोग.) त्यामुळे सर्व काही सर्वांसाठी खुले करा, हा उपदेश अर्धवट आहे. काय झाकावे हे ठरविता येणे, हाही याच कौशल्याचा भाग होय.

आपली विदा दुसराच कोणी वापरून आधी लेख लिहील, ही भीतीही वास्तव आहे. तिच्यावर उपाय म्हणून ठरावीक मुदतीनंतरच विदा खुली करता येते, आणि तारखेसह झालेली नोंद हीच अग्रक्रमाचा पुरावा ठरते. परंतु प्राध्यापकाचा खरा प्रश्न याहून व्यावहारिक आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील संशोधन गुणांकाच्या कोष्टकात शोधनिबंधाला गुण आहेत, ग्रंथाला आहेत, ई-सामग्रीला आहेत. व्यवस्थित लावून खुल्या केलेल्या विदासंचाला स्वतंत्र गुण नाहीत. संकेतसूची लिहिण्यात घालविलेला महिना पदोन्नतीच्या अर्जात कोठेच दाखविता येत नाही. अभ्यासक्रम एक सांगतो आणि कोष्टक दुसरे, अशा वेळी अध्यापक कोष्टकाचेच ऐकणार. त्यासाठी त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

त्यातच आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियतकालिकांची केअर यादी बंद केली आणि नियतकालिकांचा दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपविली. यादी होती तोवर यादीत नाव आहे का एवढेच पाहणे पुरे होते. आता महाविद्यालयाच्या संशोधन समितीला लेखाच्या सामग्रीकडे पाहावे लागेल, आणि पाहण्यासारखी सामग्री लेखकाने दिलेली असावी लागेल. संशोधनमापनाच्या सात तासांपैकी निदान चार तास काढून घेऊन त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याच केंद्रातील एका जुन्या प्रबंधातील एक सारणी मूळ प्रश्नावलींवरून पुन्हा काढावी, अशी व्यवस्था अभ्यास मंडळांना आजही करता येईल. प्रश्नावली कोणत्या माळ्यावर आहेत, याचा शोध मात्र त्याआधी घ्यावा लागेल.